दिवा दिला, तेलाचं काय?

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ‘उद्घाटन’ हा शब्द मागे पडला आणि ‘लोकार्पण’ पुढे आला. अर्थ चांगला आहे, वस्तू लोकांना अर्पण केली. पण या शब्दात एक सोयही आहे. अर्पण केलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही. फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाले, की कंत्राटदार, अभियंता, लोकप्रतिनिधी आणि कलावंत सगळे एकदम मोकळे होतात. वस्तू ‘लोक’ नावाच्या मालकाच्या गळ्यात पडते, आणि या मालकाला ना पत्ता असतो ना फोन नंबर. रस्ता किंवा सभामंडप असेल तर हे काही काळ खपून जातं. जी वस्तू हलते आणि रात्री उजळते, तिच्या बाबतीत ते वर्षभरही खपत नाही. म्हणून हा प्रश्न: चौकात फिरणारं, उजळणारं शिल्प उभारायचं कुणी ठरवलं, तर तो गावाला नेमकं काय देतो? वस्तू देतो, की वचन?

प्रश्न माझ्यापुरता तरी हवेतला नाही. माझं गाव मोताळा. बुलढाण्याहून मलकापूरला निघालात की राजूर घाट उतरल्यावर लागतं ते. जिल्ह्यात आम्हाला ‘घाटाखालचे’ म्हणतात. तालुक्याचं ठिकाण, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेलं. भोवती काळी जमीन, कापूस, मका, सोयाबीन. माझी नोकरी मात्र दुसरीकडे झाली, नगरपालिकेच्या विद्युत विभागात. पथदिवे, पंप, कारंजी, चौकातली रोषणाई यांची अंदाजपत्रकं करणं हे माझं काम होतं. निवृत्तीनंतर गावातल्या एका गणेश मंडळाच्या पोरांनी मला गाठलं. त्यांच्या डोक्यात एक कल्पना आहे. पुढेमागे रस्ता रुंद होईल, चौकाचं सुशोभीकरण होईल, तेव्हा मधोमध वीस फुटांचं कापसाचं बोंड उभं करायचं. दिवसभर मिटलेलं. दिवेलागणीला त्याच्या पाकळ्या हळूहळू उघडणार आणि आतून पांढरा उजेड फुटणार. चित्र एका पोराने काढलं होतं आणि ते खरोखर देखणं होतं. अर्जासोबत जोडायला त्यांना अंदाजपत्रक हवं होतं. “काका, तुमी फक्त इस्टिमेट करून द्या, बाकीचं आमी पाहून घेतो.”

मी विचारलं, पाणी, गटारं, दवाखाना हे सगळं सोडून हे कशाला? त्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, “मंग चांगलं ते सगळं पुण्यामुंबईतच ऱ्हावं का? आपल्याले काय फक्त मुताऱ्याच मंजूर व्हाव्या?”

या बोलण्याला उत्तर देणं सोपं नाही. ‘आधी पाणी, मग शोभा’ हा युक्तिवाद ऐकायला नैतिक वाटतो आणि अर्धा खराही आहे. आमच्या तालुक्यात नळगंगा धरण आहे आणि तरी उन्हाळ्यात पाण्याची चिंता कुणाला सुटलेली नाही. शेतकरी आत्महत्यांच्या याद्यांत पश्चिम विदर्भाचं, म्हणजे आमच्या जिल्ह्याचंही, नाव वर्षानुवर्षं येतं आहे. अशा ठिकाणी बोंडाच्या पाकळ्या उघडायला मोटर बसवणं हा चोचला वाटू शकतो. पण हा युक्तिवाद कोणासमोर केला जातो ते पाहावं. नागपूरच्या फुटाळा तलावात संगीताच्या तालावर नाचणारी, प्रकाशाची कारंजी बसवली गेली, २०२२ मध्ये त्यांचे चाचणी प्रयोग झाले. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. तिथे वाद तलावाचा होता: तो पाणथळ जागा ठरतो की नाही, त्यात बांधकाम चालेल की नाही. हा वाद महत्त्वाचाच होता. पण नागपूरला शोभेचा हक्क आहे का, हे कुणी विचारलं नाही. मोठ्या शहराचा तो हक्क आपण गृहीत धरतो. लहान गावाने मागितला की त्याला त्याची गरिबी दाखवतो. म्हणजे पाण्यावाचून आधीच अडलेल्या माणसाला, तहान भागेपर्यंत सुंदर काही मागू नकोस, असंही वर सांगायचं. शिवाय पैशाला लेखाशीर्ष असतं. सुशोभीकरणासाठी आलेला निधी नळयोजनेकडे वळवता येत नाही, तो परत जातो. ही पळवाट आहे हे मला कळतं, पण ती त्या पोरांनी काढलेली नाही.

तेव्हा हक्काच्या बाबतीत मी पोरांच्या बाजूचा आहे. मोताळ्याला देखणं काही असावं. माझा प्रश्न हक्क मान्य केल्यावर सुरू होतो.

आपल्या गावांना शिल्पाचा सराव नाही असं नाही. नांदुऱ्याला महामार्गालगत १०५ फुटांचा हनुमान उभा आहे. सगळ्या जिल्ह्यातली माणसं तो ओळखतात, ट्रकवाले त्याला पाहून हात जोडतात. प्रत्येक तालुक्याच्या गावात महापुरुषांचे पुतळे आहेत. या सगळ्यांमागे कुणीतरी उभं आहे. पुतळ्याला भक्त असतात, अनुयायी असतात, जयंती असते, हार असतो. त्यावर धूळ बसली तर कुणीतरी धुतं, विटंबना झाली तर गाव बंद होतं. राज्य सरकारच्या २०१७ च्या निर्णयानुसार पुतळा उभारायचा तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, आणि देखभालीची व पावित्र्याची जबाबदारी उभारणाऱ्या संस्थेवर असते. कापसाच्या बोंडाला असा समाज नाही. त्याची जयंती नाही. एका अर्थी हेच त्याचं सौंदर्य आहे. ते कुठल्याच जातीचं, पक्षाचं, धर्माचं नाही, म्हणून सगळ्यांचं होऊ शकतं. पण ते बंद पडलं तर रस्त्यावर कोण येणार? बोंड उघडलं नाही म्हणून बाजारपेठ बंद ठेवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि ते बंद पडणार, ही माझ्या धंद्यातली खात्री आहे. पोरांना वाटत होतं की अडचण विजेच्या बिलाची आहे. ती सगळ्यात लहान आहे. आत दोन किलोवॅटचे दिवे धरले, रोज पाच तास जळले, तर दिवसाला १० युनिट, वर्षाला ३,६५० युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी साडेछत्तीस हजार रुपये. एवढं कुणीही देईल. खरा खर्च न दिसणाऱ्या जागी असतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर ५०,००० तास असं छापलेलं असतं. रोज पाच तासांच्या हिशेबाने ते १०,००० दिवस होतात, म्हणजे २७ वर्षं. पण दिव्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर आधी मरतो. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, हा आमच्याकडचा जुना ठोकताळा. घाटाखालचा मे महिना आणि बंद पेटीतली उष्णता यांची बेरीज करा. मग वारा. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि मिटलेल्या बोंडापेक्षा उघडलेलं बोंड वाऱ्याला कितीतरी जास्त अंग देतं. रोज उघडमीट करणाऱ्या सांध्यावर, वेल्डिंगवर ताण येत-जात राहतो, आणि लोखंड एकदा वाकवल्याने तुटत नाही ते हजारदा वाकवल्याने तुटतं. खाली काळी माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. पाया खोल आणि नीट नसेल तर सगळा सांगाडा दोन वर्षांत कलतो. बेअरिंगला ग्रीस लागतं. वायरी उंदीर कुरतडतात. पाकळ्यांच्या आत पक्षी घरटं करणार, आणि पिल्लं असताना बोंड मिटायचं का, हाही प्रश्न येणारच. यातली एकही गोष्ट अवघड नाही. सगळ्यांना मिळून एक माणूस लागतो, ज्याचं हे काम आहे आणि ज्याला त्याचे पैसे मिळतात.

थांबलेला पुतळा असं काही नसतं. पुतळा थांबलेलाच असतो. दगड दुर्लक्ष सहन करतो, कधीकधी त्याने देखणाही होतो. हलत्या शिल्पाला ही सवलत नाही. ते थांबलं की ‘न हलणारं शिल्प’ होत नाही, बंद पडलेलं यंत्र होतं. त्याची अवस्था रोज संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, सगळ्या गावाला दिसते.

नोकरीत असताना एका शहरातल्या चौकात मी हे जवळून पाहिलं. शहराचं नाव सांगण्याची गरज नाही, तुमच्याही शहरात असा चौक असेल. तिथे आतून उजळणारा, फिरणारा पृथ्वीचा गोल होता. लोकार्पणानंतर पहिलं वर्ष चांगलं गेलं, आयाबाया पोरांना दाखवायला आणत. दोषदायित्वाचा कालावधी संपला, कंत्राटदार गेला, आणि काही महिन्यांत गिअरबॉक्स अडकला. सुटा भाग मागवायचा होता. त्यासाठी पैसे कुठल्या शीर्षाखाली टाकायचे ते ठरेना. पथदिव्यांत बसेना, उद्यानांत बसेना, इमारत दुरुस्तीतही बसेना. मी तीन वेळा प्रस्ताव लिहिला, तीन वेळा तो ‘तरतूद नाही’ असा शेरा घेऊन परतला. नवा गोल बसवायचा प्रस्ताव असता तर निधी मिळाला असता. नव्या वस्तूचं लोकार्पण होतं, दुरुस्तीचं होत नाही. दोन वर्षांनी त्या गोलाचा एकच उपयोग उरला, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक बांधायला त्याचा सांगाडा सोयीचा पडायचा.

त्या चौकात चहा पिताना लोक काय म्हणायचे ते माझ्या लक्षात राहिलं आहे. ‘मंजुरी देणाऱ्याने देखभालीचे पैसे ठेवले नाहीत’ असं कुणी म्हणत नसे. सगळे म्हणत, “आपल्याकडे काही टिकत नाही.” माझ्या मते खरं नुकसान हे आहे. वाया गेलेल्या पैशांचा हिशेब कधीतरी लागेल. पण त्या वर्षी जन्मलेलं पोर गोल कधीच फिरताना न बघता मोठं होतं, आणि शिकतं काय, तर चांगल्या वस्तू दुसरीकडे चालतात, आपल्या गावात आल्या की मरतात. दोष देणाऱ्याचा, आणि तो घेणारा स्वतःच्या माथी मारून घेतो. मोठ्या शहरात एक दिवा विझला तर शेजारी दुसरे शंभर असतात. लहान गावात तो एकच असतो. म्हणून गाव जितकं लहान तितकी देणाऱ्याची जबाबदारी मोठी, आणि व्यवहारात बरोबर उलटं घडतं.

हे केवळ लहान गावांचं किंवा केवळ आपलंच दुखणं आहे असंही नाही. मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा ३५ फुटांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. आपण मान्यता दिली ती सहा फुटांच्या मातीच्या नमुन्याला, असं कला संचालकांनी तेव्हा सांगितलं. चौकशीनंतर गंज, कमकुवत सांगाडा, सदोष वेल्डिंग आणि देखभालीचा अभाव अशी कारणं बातम्यांत आली. ज्याच्या मागे अख्खा महाराष्ट्र उभा आहे, त्या पुतळ्याची ही गत. तिथे २०२५ मध्ये नवा पुतळा उभा राहिला, आणि त्याच्या अटींत दहा वर्षांची देखभाल धरली असल्याचं जाहीर झालं. म्हणजे तेलाची आठवण झाली, पण दिवा पडल्यानंतर.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहराच्या पूर्व भागाचा कायापालट करताना ‘बी ऑफ द बँग’ नावाचं ५६ मीटर उंच शिल्प २००५ मध्ये उभारलं. फटाका फुटावा तसे १८० धातूचे सुळके. अनावरणाच्या आधीच एका सुळक्याचं टोक गळून पडलं, पुढे आणखी निखळले. नगर परिषद कोर्टात गेली, तडजोडीत भरपाई मिळाली, आणि २००९ मध्ये शिल्प उतरवलं गेलं. याच्या शेजारी न्यूझीलंडमधल्या न्यू प्लिमथ या लहान शहराची गोष्ट ठेवावी. तिथे समुद्रकाठच्या पायवाटेवर लेन लाय या शिल्पकाराच्या कल्पनेतली ‘विंड वाँड’ आहे. साधारण ४५ मीटर उंच, बारीक, लवचिक लाल काठी, टोकाला रात्री उजळणारा गोळा. तिला मोटर नाही, वारा येईल तशी ती झुलते. १९९९ सरताना ती उभी केली आणि बिघाडामुळे लवकरच उतरवावी लागली. पण तिथे गोष्ट संपली नाही. दुरुस्त करून २००१ मध्ये ती पुन्हा उभी केली, आणि आज ती त्या शहराची खूण आहे. कल्पना काढणारा लाय १९८० मध्येच वारला होता. वस्तू टिकली ती तिच्यात दोष नव्हता म्हणून नाही. दोष निघाल्यावर पुन्हा उभी करणारं कुणीतरी होतं म्हणून.

हे कुणीतरी कसं तयार होतं? त्यासाठी न्यूझीलंडला जायची गरज नाही. हलत्या, उजळत्या वस्तू चौकात मांडणं आपण कुणाकडून शिकलेलो नाही. गणपतीतला हलता देखावा म्हणजे दुसरं काय आहे? भंगारातल्या ट्रकची वायपरची मोटर, सायकलच्या पेडलचा दांडा, लाकडी चकती, आणि यांच्या जोरावर मान हलवणारा राक्षस किंवा दळण दळणारी जनाबाई. चिप यायच्या आधी लाकडी रोळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकून तो फिरवत, पट्टी आली की माळ पेटे, गेली की विझे. आमच्याकडे भारनियमन होतं तेव्हा देखाव्याची वेळ विजेच्या वेळेवरून ठरायची. रात्री मंडपात पोरं आळीपाळीने झोपत, उशाला तेलाची बुधली आणि पाना. राक्षसाची मान अडकली की दोन मिनिटांत कुणीतरी स्टेजखाली शिरे. हे सगळं वर्गणीवर चाले. आणि दहाव्या-अकराव्या दिवशी सगळं उतरवलं जाई, मोटर कुणाच्या तरी माळ्यावर जाई, मूर्ती पाण्यात. देखाव्याला शेवट ठरलेला असतो, म्हणून तो चालू असेपर्यंत कुणी त्याला वाऱ्यावर सोडत नाही. जाँ तिंगली या स्विस कलावंताने १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत एक भलंमोठं यंत्रशिल्प चालू केलं. ते पाहणाऱ्यांसमोर स्वतःलाच मोडून टाकण्यासाठी बनवलेलं होतं. कलेच्या इतिहासात ते प्रसिद्ध आहे. विसर्जन पाहत वाढलेल्या माणसाला त्यातलं धाडस थोडं कमी वाटेल, प्रामाणिकपणा मात्र लगेच कळेल.

विसर्जन ही एक रीत झाली. दुसरी तिच्या उलट, अखंड चालवायची. देवळात नंदादीप लावणारा माणूस नुसती समई देऊन जात नसे. तेलासाठी जमिनीचा तुकडा, एखादं उत्पन्न लावून द्यायचा, आणि तसं लिहून ठेवायचा. दिवाबत्तीच्या इनामांचे कागद आपल्याकडे भरपूर आहेत. तमिळ प्रदेशातल्या चोळकालीन शिलालेखांत तर हिशेब आणखी नेमका आहे. एका अखंड दिव्यासाठी बहुधा ९६ मेंढ्या दान देत. मेंढ्या धनगराकडे राहत, तो ठरलेलं तूप रोज देवळाला पुरवी, आणि कळपाची संख्या कमी होऊ देत नसे. म्हणून त्या मेंढ्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ म्हणत. एखादी मेंढी मरायचीच, कळप मरायचा नाही. आजच्या भाषेत मुद्दल न मोडता व्याजावर चालणारा निधी. हजार वर्षांपूर्वी दिवा देणाऱ्याला जे सुचत होतं, ते आज सुशोभीकरणाच्या प्रस्तावात एका ओळीनेही येत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. जुन्या व्यवस्थेत तेलाची सोय होती, पण ते तेल घालणारे, मशाल धरणारे, झाडलोट करणारे हात बहुतेक वेळा जन्माने ठरलेले होते. वतन म्हणजे उत्पन्न, तसंच वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं न सुटणारं कामही. देणाऱ्याने आपलं पुण्य दुसऱ्याच्या नातवंडांच्या घामावर लिहून ठेवलं. तेव्हा ‘पूर्वी सगळं कसं छान होतं’ असं म्हणून मला ही रीत परत आणायची नाही. पण या अडचणीतूनच मूळ प्रश्नाचं उत्तर मिळतं. आज सभागृहात बसलेल्या लोकांना पुढच्या लोकांच्या वतीने वचन देता येतं का? पाच वर्षांनी येणारे सदस्य, आज शाळेत असलेली पोरं, अजून जन्माला न आलेला वायरमन यांचे कष्ट आपण आज कबूल करू शकत नाही. तसं करणं म्हणजे नवं वतन. पण तेल आपण ठेवून जाऊ शकतो. त्यासाठी पैसे, सुटे भाग, नकाशे, आणि जो काम करील त्याला रीतसर पगार. आणि पुढच्यांना ते नको झालं तर उतरवून टाकण्याची मोकळीक, तीही खर्चासकट. देणाऱ्याच्या हातात एवढंच वचन असतं, आणि तेवढं त्याने दिलंच पाहिजे.

म्हणजे हलतं शिल्प देण्याच्या प्रामाणिक रीती दोनच. नंदादीपाची, म्हणजे दिव्याबरोबर तेल. किंवा देखाव्याची, म्हणजे दिव्याबरोबर विसर्जनाची तारीख. लोकार्पण नावाची जी तिसरी रीत आपण पाळतो, तिच्यात दिवा कायमचा असतो आणि तेल वर्षभराचं.

कुणी म्हणेल, मग वाऱ्या-उन्हावर चालणारं काही करा, तेलच नको. ही सूचना चांगली आहे, पण तिथेही काहीतरी लागतंच. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव पाहा. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. एका दिवशी पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी आणखी वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. हलणारा, उजळणारा, सार्वजनिक आणि शतकानुशतकं चाललेला हा सोहळा, बिल शून्य. पण किरणांच्या वाटेत इमारती, फलक, वायरी आल्या की तो अडतो, आणि ती वाट मोकळी ठेवणं हे महापालिकेचं आणि देवस्थानाचं दरवर्षीचं काम होऊन बसतं. सूर्य फुकट येतो, त्याची वाट मोकळी ठेवायला मात्र माणूसच लागतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. एवढ्या अटी घातल्या तर लहान गावात कधी काही उभं राहणारच नाही. मोठ्या शहरांना तेल परवडतं, आम्हाला नाही. मग शेवटी तुम्ही ‘नको’च म्हणताय ना, फक्त सभ्य भाषेत? मंडळाच्या पोरांनीही हेच विचारलं. मी म्हणालो, नाही, बोंड लहान करा. वीस फुटांऐवजी आठ. मोटर अशी निवडा की मलकापुरात रिवाइंड करून मिळेल. दिवे असे की बाजारातला कुठलाही ड्रायव्हर बसेल. उजेड रात्री दहाला बंद, कारण चौकात राहणाऱ्यांना झोप लागते आणि पाखरांनाही. रुंदीकरणात ज्यांच्या टपऱ्या हलतील त्यांना आधी जागा, नाहीतर त्या उजेडाकडे ते कुठल्या डोळ्यांनी बघतील? जे मागायचं त्याचा एक भाग बँकेत ठेवीत राहील आणि व्याजातून देखभाल होईल असं अर्जातच लिहा. सरकारी नियमांत ते बसत नसेल तर तेवढी रक्कम वर्गणीतून उभी करा. वर्गणीच उभी राहिली नाही, तर गावाला बोंड नको आहे एवढं तरी कळेल, आणि तेही उत्तरच आहे. किंवा दुसरी रीत घ्या: दरवर्षी दिवाळीत कापूस घरात येतो तेव्हा पंधरा दिवस बोंड लावा आणि उतरवा. पंधरा दिवस रोज उघडणारं बोंड हे बारा महिने मिटून गंजलेल्या बोंडापेक्षा गावाचा जास्त मान राखतं.

त्यांना आठ फूट फार पटलं नाही. वीस फूट फोटोत चांगलं दिसतं. त्यांचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही, कारण निधी मिळतो तो फोटोवर. देखभालीचा फोटो निघत नाही.

मी अंदाजपत्रक करून दिलं. आमच्या खात्यात पहिलं पान गोषवाऱ्याचं असतं आणि देखभाल, असलीच तर, शेवटच्या पानावर तळाला. या अंदाजपत्रकात मी क्रम बदलला. पहिल्या पानावर दहा वर्षांचं ग्रीस, ड्रायव्हर, रंग, वीज, एका माणसाचा पगार आणि शेवटी सांगाडा उतरवण्याचा खर्च आहे. पाया, पोलाद आणि पाकळ्या दुसऱ्या पानापासून सुरू होतात. कोनशिलेचा खर्चही धरला आहे. तिच्यावर मजकूर काय असावा ते ठरवणं माझं काम नव्हे. पण मान्यवरांच्या नावांखाली एक ओळ मी रिकामी ठेवायला सांगितली आहे, आणि ती ओळ कोरू नका, रंगाने लिहा, असंही. तिथे त्या वर्षी जो माणूस शिडी लावून वर चढतो आणि ग्रीस घालतो त्याचं नाव लिहायचं. माणूस बदलला की नाव पुसून नवं लिहायचं. ती ओळ रिकामी दिसू लागली, तर बोंड बंद पडण्याआधीच गावाला कळेल की ते आता बंद पडणार आहे.